पाठमोरी बाई

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. देणाऱ्याला ती नकोशी झालेली असते, आणि का नकोशी झाली ते तो सांगत नाही. म्हणून दादा ज्या दिवशी हातगाड्यावर ग्रामोफोन आणि तबकड्यांची लाकडी पेटी घालून घरी आला, त्याच दिवशी मी आईला म्हटलं, "साहेबाला जड झालं ते आपल्या घरात कशाला?"

लढाईचे दिवस होते आणि आमच्याकडं निजामाची मोगलाई होती. आम्ही नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं राहायचो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. वडील वारलेले. घरात आई, दादा आणि मी. वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी चौथीपर्यंत शाळा करून घरी बसले होते आणि माझं लग्न ठरत आलं होतं. स्थळ जाफराबादकडचं. मुलाला वडील नव्हते, घर चुलता चालवायचा. दोन्हीकडून पसंती झाली होती, सुपारी फुटायची राहिली होती.

जिनिंगचा गोरा इंजिनियर त्याच्या मुलखात परत निघाला होता. बोटीवर एवढं ओझं नेता येणार नाही आणि तबकड्या वाटेत फुटतील, म्हणून तो बाजा त्यानं दादाला दिला. दादानंच त्याची स्प्रिंग एकदा दुरुस्त केली होती. हे सगळं दादानं सांगितलं. खरं असेल. माझ्यासमोर तर काही घडलं नव्हतं.

दादा जिनिंगचा भोंगा झाला की घरी यायचा, हातपाय धुवायचा, साबण लावून हात पुन्हा धुवायचा आणि बाज्यापुढं बसायचा. पेटीत तबकड्या साहेबानं लावून दिलेल्या क्रमानंच होत्या. सगळ्यांत जुनी चाल पहिल्यांदा, मग तिच्यानंतरची, आणि शेवटी अगदी आताची, जिचा करणारा म्हणे अजून जिवंत होता. दादा पोथीचं पारायण करावं तसा त्याच क्रमानं जायचा. एका दिवशी जिथं थांबला तिथून दुसऱ्या दिवशी पुढं. मधली गाळायची नाही, आवडली म्हणून पुन्हा लावायची नाही.

तबकड्यांत गाणं नव्हतं. सगळी तंतुवाद्यं. पंधरा-वीस माणसं एकदम गज ओढतात आणि एकमेकांच्या मागं धावतात, असं ते वाजायचं. एका तबकडीच्या पुठ्ठ्यावर त्यांचा फोटो होता. काळे कोट घातलेली माणसं हातात वाद्यं घेऊन उभी होती, मधे पट्ट्यांची एक मोठी पेटी, आणि तिच्यापुढं एक जण आपल्याकडं पाठ करून बसलेला. त्या पेटीचा आवाज हार्मोनियमसारखा नव्हता. सतारीवर कुणी घाईघाईनं नखं मारावीत तसा होता.

मला ते आवडलं की नाही हे मी सांगू शकत नाही. काय आवडायचं तेच कळत नव्हतं. आमच्याकडच्या तबकड्यांत शब्द असायचे, देव असायचा, नाहीतर रडणं असायचं, आणि जुन्या तबकड्यांत तर गाणारी शेवटी आपलं नाव सांगायची. कोण गायलं ते कळायचं. इथं सगळे वाजवून गप्प व्हायचे. नाव नाही, गाव नाही. चोर येऊन गेल्यासारखं.

आईचा संशय वेगळा होता. ती दादाचा सदरा हुंगायची. त्याला यंत्राच्या तेलाचा आणि रुईचाच वास यायचा, पण म्हणून ती थांबली नाही. त्याचं कारण सांगते. नदीपलीकडं गाणाऱ्या बायांच्या माड्या होत्या. तिथून सारंगीचा आवाज यायचा, आणि सारंगी ऐकू आली की जालन्यातल्या कोणत्याही माणसाला पुढचं सगळं कळायचं. घरंदाज घरात सारंगी वाजत नसे. आता आमच्या घरातून एक नाही, पंधरा वाजत होत्या, आणि बायको माहेरी गेलेली.

"लग्नाचं काम आहे घरात," आई दादाला म्हणायची. "बंद ठेव ते थोडे दिवस."

"आई, ह्या सारंग्या न्हाईत."

"मला माहीत हाय. भिंतीपल्याडच्याला माहीत हाय का?"

भिंत मातीची होती, वरचा हात-दोन हात भाग तर नुसता उघडा. पल्याड एका आडत्याच्या ओळखीची माणसं उतरायची, कापूस घेऊन आलेली. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला आणि त्या खोलीत कोण उतरावं, तर माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा चुलता. आम्हाला पत्ता नाही. तो गाडी घेऊन आला होता, आणि आमच्या दारात आधी कळवून यायचं सोडून भिंतीपलीकडं टेकला होता. मुद्दाम की सहज, ते मला आजही सांगता येणार नाही. माझं मत विचाराल तर मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. आईनं लगबगीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं हात लावला नाही.

"राहू द्या पाणी."

"का हो पाव्हणं? आमच्या पाण्याला काय झालं?"

"पाण्याला काय न्हाई झालं. घरात कोण कोण हाय ते कळू द्या आधी, मंग पाणी."

सोयरीक ठरत आलेल्या घरी पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आईला कळलं. तिनं तांब्या तसाच उंबऱ्यावर ठेवला.

"मी आन् पोरगी. लेक कामाला गेला."

"काल सांजच्याला सारंग्या वाजून राह्यल्या होत्या तुमच्याकडं. धा-पंधरा. एवढा ताफा तर नवाबाच्या घरी बी येत न्हाई."

"अहो, धा-पंधरा माणसं ह्या खोलीत मावतील का? बघा की आत येऊन!"

"तेच म्हन्तो. मावत न्हाईत, तरी वाजतात. काहीतरी गडबड हाय."

मी आतल्या दाराआड उभी होते. मला वाटलं, ह्या माणसाला समजून घ्यायचंच नाही. आईनं त्याला बाजा दाखवला. तो वाकून कर्ण्यात बघत राहिला, मग म्हणाला, "ह्याच्यातून येतं हे मला बी कळतं. आमच्या पाटलाकडं हाय. पन ह्याच्यात जे भरलंय ते कुठंतरी भरलं आसंल ना? कोण भरून आणतं? कुणापासून?" आणि म्हणाला, "तुमच्या लेकाला बोलवा. बिलकुल समोर वाजवून दाखवा. मंग ठरवू."

दुपारच्या भोंग्याला दादा आला. त्याला आईनं दारातच सगळं सांगितलं. तो चिडला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला, चिडायला हवं होतं. त्यानं हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले, चावी दिली आणि पहिली तबकडी लावली, सगळ्यांत जुनी.

चुलता मांडी घालून, छडी आडवी ठेवून ऐकायला बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "गाणारी कवा सुरू व्हईल?"

"गाणारी न्हाई ह्याच्यात, काका."

"न्हाई? मंग एवढे साजिंदे कशाला बसवले? नवरदेव न्हाई आन् वरात काढली व्हय?"

आई हसली. हसायला नको होतं. तो आणखी ताठ बसला.

वाजणं मधेच तुटलं. त्या तबकड्यांचं तसंच होतं, एका अंगाला जेवढं मावेल तेवढं वाजायचं आणि उरलेलं उलटीकडं. दादानं ती उलटायला उचलली तसा चुलत्यानं त्याचा हात धरला.

"थांब. तिकडच्या अंगाला काय हाय?"

"हेच. पुढचं."

"मधीच का तोडलं? कुणी आलं काय?"

"जागा संपली, काका."

"हां. ती तिकडं आसंल." आणि ऐकू लागला. तिकडं एक वाद्य एकटंच वर चढत गेलं, बाकीचे सगळे खाली दबून राहिले. चुलत्यानं बोट वर केलं. "आली! आली बाई!"

"ते फिडल हाय," दादा म्हणाला.

"बराबर बाईचा गळा हाय."

"फिडल हाय. हे बघा फोटो." दादानं पुठ्ठा पुढं केला. "सगळे बापेच हायेत. एक तरी बाई दिसते का?"

चुलत्यानं फोटो पुष्कळ वेळ बघितला. "बाई न्हाई दिसत," तो म्हणाला. "फोटू काढायला आली न्हाई, एवढंच कळलं ह्याच्यावरून."

त्याला सगळ्या तबकड्या ऐकायच्या होत्या. दादाची अर्धी रजा गेली. जुनी चाल त्याला मनातून आवडली असावी, कारण तो म्हणाला, "हे भजनासारखं हाय. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून उचलायचं." मधल्या तबकड्यांना तो जांभया देत होता. अगदी शेवटची, आताच्या माणसानं केलेली, लावली तेव्हा दचकून मागं सरकला. "हे वाजवून राह्यले का भांडून राह्यले?"

"हे नवं हाय, काका. आता असंच करतात."

"आता सगळंच असं करतात," तो म्हणाला. मग आत माझ्याकडं बघून, "पोरगी बी ऐकती का हे?"

आई घाईनं म्हणाली, "तिला कुठली फुरसत!"

मी दारातून म्हणाले, "ऐकते. कानाला दार न्हाई."

आईनं कपाळाला हात लावला. पण खोटं बोलून काय उपयोग होता? माझं जातं त्याच खोलीत होतं.

चुलता उठला. देवघराकडं बघितलं. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता, भंडारा होता, सोमवारचा बेलही होता. त्यानं आईला बेल आणि भंडारा मागितला आणि दादापुढं ठेवला. म्हणाला, "ह्याच्यावर हात ठेवून बोल. मंग माझ्या मनात काय राहणार न्हाई. आजच सुपारी फोडू."

बेलभंडार उचलायचा म्हणजे गंमत नव्हती. वाटणीची भांडणं त्यावर मिटायची. दादानं पान उचललं. चुलता म्हणाला, "माझी बायको माहेरी गेल्यापासून ह्या घरात परकी बाई आली न्हाई. म्हण."

दादानं म्हटलं. एकदम, स्वच्छ आवाजात.

आईनं सुस्कारा सोडला. माझं लग्न झालं, असं मला वाटलं. ते पान खाली ठेवून हात झटकायचाच अवकाश होता.

"आता म्हण, ह्या डब्यात बी बाई न्हाई."

दादा थांबला. फोटोकडं बघितलं. मग पान हळूच ताटलीत ठेवलं.

"हे न्हाई म्हणता येणार मला."

"काय बोलून राह्यलास रे?" आई ओरडली.

"एक हाय," दादा म्हणाला. "ती पट्ट्यांची पेटी वाजवणारी. ती बाई हाय. साहेबानं सांगितलं होतं."

चुलत्यानं फोटो उचलून दारात उजेडात नेला. "पाठमोरा बसलाय तो? हा तर बाप्या. केस बघ."

"कापलेत तिनं."

"बोडकी हाय? विधवा?"

"न्हाई काका. त्यांच्याकडं कापतात."

चुलता एकेक गोष्ट बोटावर मोजू लागला, पंचापुढं मोजावी तशी. "केस कापलेली. नवरा हाय का न्हाई म्हाईत न्हाई. पंधरा बाप्यांच्या मधी बसलेली. आन् तोंड फिरवून! आन् शेवटाला नाव बी सांगत न्हाई!"

"ती गात न्हाई, नुसती वाजवते. आन् इथं कुठं हाय ती? समुद्राच्या पलीकडं हाय."

"आसंल पलीकडं. पन हाय."

त्यानं छडी घेतली. आई त्याच्या मागं उंबऱ्यापर्यंत गेली, "पाव्हणं, निदान पाणी तरी घ्या," म्हणत. तो पाणी न घेता गेला. गल्लीतून जाताना भिंतीपल्याडच्या माणसांना काहीतरी सांगत गेला, तेही आम्हाला ऐकू आलं, कारण भिंत दोन्हीकडून सारखीच उघडी होती.

आई जमिनीवर बसली. "टाक ते नेऊन विहिरीत," ती दादाला म्हणाली. "फोड. माझ्या डोळ्यांसमोर फोड."

दादा तबकड्यांच्या पेटीकडं गेलाही. त्यानं ती उचलली असती, मला तसं वाटतं. मीच म्हणाले, "फोडू नको. फोडलंस तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच फोडलं. राहू दे. येऊन बघू दे ज्याला बघायचं त्याला."

मग मी त्याला विचारलं, "तू उचलायचं होतंस. त्या बाईचं त्याला कुठं माहीत होतं? फोटोत कळत बी न्हाई."

"खंडोबावर खोटं कसं उचलू?"

"माझं लग्न होतं दादा."

तो तबकड्या पुन्हा क्रमानं लावायला लागला. तो खरं बोलला हे चांगलं, असं पुढं पुष्कळांनी मला सांगितलं. त्यांची लग्नं झालेली होती.

गुढीपाडव्याच्या आत त्या मुलाचं लग्न झालं. मुलगी चुलत्याच्या बायकोच्या नात्यातली. म्हणजे त्याच्या मनात आधीपासून कोण होती, ते दिसलंच. त्याला कारण हवं होतं, आणि आम्ही ते चावी देऊन वाजवून दाखवलं. पण हे मी कुणाला पटवणार? गल्लीत झालं ते झालंच. आडावर बायका विचारायच्या, "काय गं, तुमच्याकडची गोरीण काय म्हन्ती?" एकीनं तर आईला विचारलं, तिला चहा लागतो का. वहिनी बाळाला घेऊन परत आली, तीही आधी पाळणा टांगायचा सोडून तबकड्यांच्या पेटीपाशी गेली. पुठ्ठा काढून बघितला. "हीच का ती?" म्हणाली. "पाठ तर बरी हाय." त्यानंतर ती दादाशी आठवडाभर सरळ बोलली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "मला काय म्हणायचंय? ज्याला म्हाईत त्याला म्हाईत."

मीही कधीकधी ती तबकडी लागली की कान देऊन ऐकायची. ती पट्ट्यांची पेटी मधून मधून वर यायची, बाकीच्यांत पुन्हा बुडायची. एवढ्याशा तुणतुणीनं माझं लग्न मोडलं, हे खरं वाटायचं नाही. तिला मुलंबाळं होती का, स्वयंपाक ती करायची का कुणी दुसरं, असलं काहीतरी मनात यायचं. तिचा राग येत नव्हता. तिनं केस का कापले आणि फोटोत तोंड का फिरवलं, ते मात्र मला कळून घ्यायचं होतं. सरळ बसली असती तर दादानं तो फोटो पुढं केलाच नसता.

दोन वर्षं स्थळ आलं नाही. जे यायचं ते वेशीवरूनच चौकशी करून परत जायचं. मग अंबडकडचं एक आलं. बिजवर होता, पहिली बायको तापानं गेलेली, मूल नाही, शेत बरं. सोबत त्याचा थोरला भाऊ. भाऊ फार बोलायचा. नवरदेवाला काही विचारलं की भाऊच उत्तर द्यायचा, आणि तेही त्याच्या खांद्यावर हात ठेवून. मला ते पहिल्यापासून खटकलं.

आईनं मला दहादा बजावलं होतं, बाज्यावर गोधडी टाकलीय, तू तोंड उघडू नको. मी पोह्यांची ताटली ठेवली, पदर सावरला आणि उभ्यानंच सांगून टाकलं, "आमच्याकडं बाजा हाय. त्याच्यात सारंग्यांसारखं वाजतं. त्याच्यात एक बाई बी हाय, गात न्हाई, वाजवते. ऐकायचं आसंल तर आत्ता ऐका. मागून पाणी नाकारू नका."

आई जागच्या जागी बसली. भाऊ माझ्याकडं बघत राहिला. मग हसून म्हणाला, "लावा की. त्यात काय!"

दादानं गोधडी काढली, हात धुऊन आला आणि नेमकी तीच तबकडी लावली. भावाची चुळबुळ सुरू झाली. नवरदेव मात्र डोळे मिटून बसला. मान डोलवायला लागला. मोठा शौकीन दिसतो, मला वाटलं, आणि लगेच वाटलं, शेतावरच्या माणसाला हे कुठून आलं?

तबकडी संपली. सुई आतल्या अंगाला जाऊन खरखरायला लागली, दाताखाली खडा यावा तसा आवाज. आई, वहिनी, भाऊ, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. बाळ रडायला लागलं. नवरदेव डोळे मिटून मान डोलवतच होता.

दादा सुई उचलायला गेला, त्याला मी हातानं थांबवलं. नवरदेवाच्या पाठीमागं गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या धोतरावर विंचू हाय."

भाऊ टुणकन उठला. नवरदेव हलला नाही.

भावाचं तोंड उतरलं. "लहानपणी ताप आल्ता," तो म्हणाला. "अगदीच न्हाई असं न्हाई. समोरून मोठ्यानं बोललं की कळतं. कामाला बिलकुल अडत न्हाई." मग त्यानं नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला तसे नवरदेवानं डोळे उघडले. सगळे आपल्याकडं बघतायत हे बघून तो आधी भावाकडं, मग बाज्याकडं बघायला लागला. सुई उचललेली नव्हती. तबकडी नुसती फिरत होती. त्याला कळलं. तो ओशाळला आणि माझ्याकडं बघून, जरा मोठ्यानंच म्हणाला, "मी सांग म्हटलं होतं ह्याला."

आई मला आत घेऊन गेली. दार ढकललं. "ह्याच्यासाठीच आले इथवर," ती कुजबुजली. "आपलं असं झालंय म्हणून. बहिरा हाय गं तो. न्हाई म्हणून सांगते मी."

"हो म्हण," मी म्हणाले.

"येडी का काय तू? खोट हाय त्याच्यात."

"काय हाय ते म्हाईत तरी झालं. बाहेर जा आन् पाणी ने त्यांना."